खालचा दोरा, वरचा दोरा

दोष जिथे दिसतो तिथेच तो असतो, असे आपण सहसा धरून चालतो. आईवडील मुलांविषयी असे धरून चालतात, शिक्षक विद्यार्थ्यांविषयी धरून चालतात, आणि सांगावयास संकोच वाटतो, पण पापनिवेदन ऐकण्यास बसलेला धर्मगुरूही पुष्कळदा असेच धरून चालतो. ही समजूत किती फसवी आहे हे मला तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांनी शिकवले नाही. ते शिकवले पाचोडच्या आठवडी बाजारात रस्त्याच्या कडेला आरी, रापी आणि पाण्याची कुंडी मांडून बसणाऱ्या एका वृद्ध चर्मकाराने.

काही वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातील तरुणांच्या हाताला काम मिळावे म्हणून चामडे शिवण्याचे एक जुने, जड यंत्र मी मिळवले. दप्तरे, कमरपट्टे, पोळ्याच्या सुमारास बैलांच्या गळ्यात बांधावयाचे घुंगरांचे पट्टे अशा वस्तू तयार करून बाजारात विकाव्यात, असा बेत होता. यंत्रावर एकोणीस वर्षांचा एक मुलगा बसू लागला. मुलगा अबोल होता, परंतु हात चांगला होता. तथापि एक अडचण उभी राहिली. वरून पाहता टाके सरळ व सुबक दिसत, पण पट्टा उलटा करताच खालच्या अंगाला दोऱ्याची सैल वेटोळी लोंबताना दिसत. मी पाहिले आणि निदान केले, "खालचा दोरा सैल आहे. बॉबीन केसचा स्क्रू आवळ." त्याने आवळला. वेटोळी वाढली. मी म्हणालो, "आणखी आवळ." तेव्हा दोरा तुटू लागला. "फादर, दुसरंच काहीतरी असेल," असे तो एकदा हळूच म्हणालाही. एका रविवारी मिस्सानंतर, युवक मंडळाची सारी मुले उभी असताना मी त्याला बोललो, "ज्याचे कामात चित्तच नाही, त्याला चांगले यंत्र देऊन तरी काय उपयोग?" तो काही बोलला नाही. हातातली तेलाची चिंधी त्याने यंत्रावर ठेवली आणि निघून गेला. पंधरवड्याच्या आत तो वाळूजच्या एका कारखान्यात कामाला लागल्याचे कळले.

बिघडलेला एक पट्टा घेऊन मी त्या चर्मकारमामांकडे गेलो. त्यांनी पट्टा उलटा केला, वेटोळ्यांवरून अंगठा फिरवला आणि विचारले, "मशीनला दोरा कोण ओवतं?" मी म्हणालो, "मीच." ते हसले नाहीत. एवढेच म्हणाले, "फादर, खाली दिसतंय म्हणून खाली हात घालू नका. आधी वरचं बघा."

दुसऱ्या दिवशी ते यंत्र पाहण्यास आले. वाचकहो, त्यांनी दाखवले ते थोडक्यात सांगतो. कारण पुढचे सारे त्यावर उभे आहे. अशा यंत्राचा टाका दोन दोऱ्यांचा असतो. एक सुईतून वरून येतो, दुसरा खाली बॉबीनमधून येतो, आणि दोघांची गुंफण चामड्याच्या जाडीच्या बरोबर मध्यावर बसावी लागते. तशी बसली म्हणजे ती कोणत्याच बाजूने दिसत नाही. वरच्या दोऱ्याला ताण देण्यासाठी दोन लहान चकत्या असतात. स्प्रिंग त्यांना एकमेकींवर दाबून धरते आणि दोरा त्यांच्यामधून चिमटीत धरल्यासारखा सरकतो. हा ताण ढिला पडला, की वर जाणारी दांडी टाका ओढून घेऊ शकत नाही. वरचाच दोरा खाली साचतो व त्याची वेटोळी होतात. उलट वरचा ताण अतोनात झाला, तर खालचा दोरा ओढला जाऊन वरच्या बाजूला ठिपक्यांसारखा डोकावतो. म्हणजे दोष एका अंगाला दिसतो आणि त्याचे कारण बहुधा दुसऱ्या अंगाला असते.

आमच्या यंत्रात काय झाले होते? चामडे दाबून धरणारा पाय वर उचलला म्हणजे चकत्या उघडतात. तो खाली असला की त्या मिटतात. मी दर खेपेस पाय खाली ठेवूनच दोरा ओवत असे. त्यामुळे दोरा चकत्यांच्या मध्ये शिरतच नव्हता, बाहेरूनच निसटून जात होता. मामांनी पाय उचलला, दोरा दोन्ही हातांनी ताणून चकत्यांत बसवला, खालचा स्क्रू पूर्वीच्या जागी आणला, त्याच जाडीच्या चामड्याच्या कातरणीवर चार बोटे शिवण घातली, वरचा नट पाव फेरा फिरवला, पुन्हा शिवून पाहिले. दहा मिनिटांत काम झाले. ज्या मुलाला मी चारचौघांत निष्काळजी ठरवले, त्याच्या हातून काहीच चुकले नव्हते. चूक माझी होती, आणि ती त्याच्या टाक्यांत दिसत होती.

सेमिनरीत आम्ही ॲरिस्टॉटल आणि संत थॉमस अक्विनास शिकलो. सद्गुण दोन टोकांच्या मध्यावर वसतो, आणि हा मध्य फूटपट्टीने मोजावयाचा नसून व्यक्ती व प्रसंग पाहून ठरवावयाचा असतो, हे आम्ही परीक्षेत उत्तम लिहिले. मामांनाही ते ठाऊक होते. चामडे जाड की पातळ, दोरा कोणता, सुई किती नंबरची, ह्यांवर ताण ठरतो; कालचा ताण आजच्या चामड्याला चालेलच असे नाही. परंतु त्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक होती, जी मी परीक्षेत कधी लिहिली नव्हती. मध्य ढळला आहे हे ज्याच्या ठायी दिसते, त्याच्यामुळेच तो ढळला असेल असे नाही.

हे ध्यानी आल्यापासून घराघरांतून ऐकू येणाऱ्या तक्रारी मला निराळ्या ऐकू येऊ लागल्या आहेत. मुलगा खोटे बोलतो, अशी तक्रार घेऊन वडील येतात. खरे बोलल्यावर घरात काय होते, हे विचारावेसे वाटते. सून कटकट करते. तिचे शांतपणे बोललेले कोणी ऐकून घेतले होते काय? आणि दृष्टी थोडी दूर नेली तर अंगावर काटा येतो. आपल्या मराठवाड्यात विजेचे पंप येण्यापूर्वी शेताला पाणी मिळे ते चामड्याच्या मोटेने. जनावराचे कातडे कमावणारे आणि मोट शिवणारे हात कोणाचे होते, हे आपण जाणतो. त्या हातांची मोट विहिरीत खोल उतरत असे. पण कित्येक गावांत त्याच माणसांना त्या विहिरीवर घागर भरण्याची मनाई होती. १९२७ साली महाडला चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. दारिद्र्य, अज्ञान, अस्वच्छता खाली दिसली, आणि शतकानुशतके आपण म्हणत राहिलो, "ते लोकच तसे!" खालचाच स्क्रू पुन्हा पुन्हा आवळत राहिलो. ख्रिस्तसभेत आल्यावर तरी आपली ही सवय पूर्ण सुटली काय, ह्याचे उत्तर प्रत्येक धर्मग्रामाने आपापल्या लग्नाच्या बोलणीत शोधावे.

येथे कोणी रास्त आक्षेप घेईल. खालचा दोरा कधीच चुकत नाही काय? प्रत्येक अपराधाचे खापर वडीलधाऱ्यांवर वा समाजावर फोडावयाचे, तर माणसाच्या स्वतःच्या जबाबदारीचे काय? आक्षेप खरा आहे. बॉबीनचाही दोष असू शकतो, आणि तो पारखण्याची रीत मामांनी मला दाखवली. बॉबीन केस दोऱ्याच्या टोकाने हातात लोंबती धरावी. ती सरसर खाली घसरली तर सैल आहे. हलका झटका देऊनही जागची हलली नाही तर फार घट्ट आहे. परंतु ही परीक्षा केल्यावाचून तिच्या स्क्रूला हात लावावयाचा नाही, आणि तोही सर्वांत शेवटी. आधी ओवणी पाहावयाची, मग सुई, मग वरचा ताण. वरचा नट मोठा, समोर आणि हाताशी असतो. खालचा स्क्रू इवलासा व झाकलेला असतो. ज्याच्या हाती अधिक सत्ता आहे, त्याने आधी स्वतःला तपासावे, एवढाच ह्या क्रमाचा अर्थ. कुसळ आणि मुसळाच्या दृष्टान्तात प्रभूनेही क्रमच सांगितला आहे. भावाच्या डोळ्यात कुसळ नसतेच, असे तो म्हणाला नाही.

मग कोणी कोणाला ओढूच नये काय? तसेही नाही. दोन्ही दोरे सैल सोडले तर शिवण उसवते. ह्या संदर्भात एक हकीकत मला नेहमी आठवते. दक्षिण आफ्रिकेत टॉलस्टॉय फार्मवर गांधीजी चपला शिवण्यास शिकले. त्यांना ही विद्या हर्मान कॅलनबाख ह्या मित्राने दिली, आणि कॅलनबाख ती शिकून आले होते नाताळ प्रांतातील मरियनहिल येथल्या आपल्या ट्रॅपिस्ट साधूंनी स्थापिलेल्या मठातून. ज्या सरकारने त्यांना कैदेत टाकले, त्यातील मंत्री जनरल स्मट्स ह्यांच्यासाठीच गांधीजींनी तुरुंगात चपलांचा एक जोड शिवला आणि १९१४ साली देश सोडताना तो त्यांना भेट दिला. गांधीजींच्या सत्तरीनिमित्त १९३९ साली निघालेल्या ग्रंथात स्मट्स ह्यांनी त्या जोडाचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. दोघांनी एकमेकांना वर्षानुवर्षे पूर्ण जोर लावून ओढले होते. तरी दोरा तुटला नाही, कारण विरोधकातील दोष शोधण्यापूर्वी त्यांपैकी एकाला स्वतःची झडती घेण्याची सवय होती.

राहता राहिला तो मुलगा. मी वाळूजला जाऊन त्याची क्षमा मागितली. त्याने चहा पाजला आणि म्हणाला, "फादर, मशीनचं काही नाही. सगळ्यांसमोर बोलायला नको होतं." परत येताना मी बाजारात मामांपाशी थांबलो. कापडातून सुई काढली तर भोक मिटते. चामड्यातले मिटत नाही. मग उसवलेली शिवण दुरुस्त कशी करता, असे मी त्यांना विचारले. ते म्हणाले, "नवी भोकं पाडायची नाहीत, नाहीतर चामडं फाटतं. जुन्याच भोकांतून जायचं. मोटर बंद, चाक हातानं फिरवायचं, एकेक टाका."

त्या वर्षी नाताळला तो घरी आला होता. मिस्सा संपल्यावर युवक मंडळाची मुले पूर्वीसारखीच दारापाशी उभी होती. त्याच जागी, त्यांच्यासमोर मी सांगितले, की दोरा मी चुकीचा ओवला होता आणि दोष ह्याला दिला होता. तो खाली मान घालून उभा राहिला. यंत्रावर तो परत आला नाही. वाळूजची नोकरी बरी होती. हल्ली तिथे एक मुलगी बसते. पट्ट्याच्या मागच्या बाजूला काही वावगे दिसले, की ती आधी मलाच हाक मारते.