क्रमांक पहिला, पण मोजलं काय?

एखादं गाणं गाजतंय म्हटलं की आपण लगेच विचारतो, ‘कितव्या नंबरवर आहे?’ तो नंबर देणाऱ्यानं काय मोजलं आणि कसं मोजलं, हे विचारायच्या भानगडीत कुणी पडत नाही. हार्ड रॉकच्या बाबतीत तर सगळी मेख तिथेच आहे.

मे १९९१ पर्यंत अमेरिकेतलं ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक अल्बमची यादी दुकानदारांना विचारून बनवत असे. सध्या काय खपतंय, हे गल्ल्यावरचा माणूस अंदाजानं सांगायचा. त्यात त्याची स्वतःची आवडनिवडही आपसूक मिसळायची. मग ‘साउंडस्कॅन’ आलं. बारकोडवरून प्रत्यक्ष विक्री मोजली जाऊ लागली आणि जून संपायच्या आत स्किड रो या हार्ड रॉक बँडचा ‘स्लेव्ह टू द ग्राइंड’ आल्या आल्या पहिल्या क्रमांकावर जाऊन बसला. महिन्याभरात लोकांची आवड पालटली नव्हती. असलं संगीत ऐकणारी पोरं आधीही पैसे मोजत होती, पण त्यांची खरेदी यादीत पुरती उमटत नव्हती.

योगायोग असा, की त्याच जूनमध्ये दिल्लीत किरोडीमल कॉलेजच्या मित्रमंडळींनी ‘परिक्रमा’ हा रॉक बँड सुरू केला. त्यांचं ‘बट इट रेन्ड’ कॉलेज-महोत्सवांतून पोरांना तोंडपाठ झालं. २००७ मध्ये हा बँड इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हलमध्येही वाजवून आला. पण आपली गाणी विकायची नाहीत, असंच त्यांचं धोरण. पुढे ती इंटरनेटवर फुकट ठेवली. विक्रीच नाही, तर बारकोड वाचणार कशाचा?

आपल्याकडे तरी काय वेगळं होतं? आनंद शिंदेंचं ‘नवीन पोपट हा’ वरातीत, टपरीवर, एसटी स्टँडवर अख्ख्या महाराष्ट्रानं ऐकलं. रेडिओवरच्या ‘बिनाका गीतमाला’ची पायदान मात्र हिंदी चित्रपटगीतांसाठी. ज्याला रकानाच नाही, त्याची बेरीज होत नाही.

याची दुसरी बाजू ‘ब्लडीवुड’नं दाखवली. २०१६ मध्ये दिल्लीत सुरू झालेला हा मेटल बँड. ढोल, बासरी, हिंदी, पंजाबी, इंग्रजी, सगळं एकत्र. फेब्रुवारी २०२२ मध्ये कुठल्याही कंपनीच्या पाठबळाविना त्यांनी ‘रक्षक’ हा अल्बम काढला आणि बिलबोर्डच्या याद्यांत भारतीय मेटल बँडचं नाव पहिल्यांदा झळकलं. कॉलर ताठ करावी अशीच गोष्ट. पण हिशेबही पाहावा. या याद्यांत मोजला जातो तो अमेरिकेतला श्रोता. त्या वेळच्या नियमानुसार पैसे भरून ऐकलेली १,२५० किंवा जाहिरातींसह फुकट ऐकलेली ३,७५० स्ट्रीम मिळून एक अल्बम धरला जाई. म्हणजे अख्खा अल्बम विकत घेणारा एक अमेरिकी चाहता हजारो फुकट स्ट्रीमना भारी. थोडे पण जिवाला जीव देणारे चाहते असलेल्या बँडला हे गणित फळतं. दिल्लीत लाजपतनगरच्या खोलीत तेच गाणं रात्रभर वाजवणाऱ्या मुलाची मात्र त्यात नोंदच नाही.

उलट शेजारच्या नोएडात टी-सीरिजचं बिऱ्हाड. यूट्यूबवरच्या सदस्यसंख्येत ही कंपनी २०१९ मध्ये जगात पहिली आली. तिथे मोजली जाते फुकटची एक टिचकी. यूट्यूबचा आणि बिलबोर्डचा, दोन्ही आकडे खरे, पण एकानं दुसरा जोखता येत नाही. पहिल्यात किती जण आले ते कळतं, दुसऱ्यात खिशात हात घालणाऱ्यांचं वजन जास्त.

म्हणून याद्या मोडीत काढा, असं नाही. नाव यादीत आलं की महोत्सवांची दारं उघडतात, परदेश दौऱ्याचा खर्च निघण्याची आशा असते. चूक होते ती क्रमांकाला गुणवत्तेचा दाखला समजण्यात, आणि त्याहून मोठी चूक यादीत नाही म्हणजे ऐकलंच गेलं नाही असं मानण्यात. ब्लडीवुडनं नैराश्यावरच्या ‘जी वीरे’ या गाण्याबरोबर गरजू श्रोत्यांसाठी मोफत समुपदेशनाची सोय केली होती. या गाण्याचं मोल ठरवताना ती सोय धरायची की नाही, हे कुठलीही यादी ठरवणार नाही. ते ऐकणाऱ्यालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी आधी गाणं ऐकावं लागतं, नंबर नंतर.