नळीवरचे नाव

लाँगरायफल मित्रासाठी घडवायची म्हटले की सगळ्यात आधी हाती घ्यावी लागते ती मोजपट्टी. चापापासून दस्त्याच्या मागच्या टोकापर्यंतचे अंतर मित्राच्या हाताच्या लांबीवर ठरते. बहुतेक प्रौढांसाठी ते साडेतेरा इंचांच्या आसपास येते, पण अर्धा इंच इकडेतिकडे झाला तरी बंदूक खांद्याला नीट लागत नाही. दस्ता नळीच्या रेषेपासून किती खाली उतरवायचा हे मित्राची मान आणि गालाचे हाड सांगते. तो उजव्या खांद्यावरून नेम धरणारा असेल तर दस्ता किंचित उजवीकडे कलता ठेवतात. डावखुरा असेल तर ठिणगी पाडणारी कळच नळीच्या डाव्या अंगाला जाते. शिंपी अंगरखा बेततो तशी ही बंदूक एका माणसाच्या अंगावर बेतली जाते. अमेरिकेत आजही अशी बंदूक घरच्या कार्यशाळेत, फावल्या वेळात, शंभर-दोनशे तास खर्चून मित्रासाठी घडवणारी माणसे आहेत. त्यांच्या या उद्योगाकडे गंभीरपणे पाहावे असे मला वाटते, आणि त्याचे कारण केवळ हस्तकौशल्य हे नाही.

लाँगरायफल जन्मली अठराव्या शतकात, पेनसिल्व्हेनियाच्या आग्नेय भागात, लँकेस्टर आणि त्याच्या आसपासच्या गावांत. जर्मन आणि स्विस स्थलांतरितांनी येताना आपल्या मुलखातली आखूड, जड, मोठ्या गोळीची शिकारी रायफल आणली होती. दोन-तीन पिढ्यांत तिचे रूप पालटले. नळी 42 ते 46 इंचांपर्यंत लांबली, गोळी लहान झाली, दस्ता सडपातळ झाला आणि नळीच्या तोंडापर्यंत पोचला. दारू आणि शिसे महाग, जंगल मोठे, जवळपास दुकान नाही, अशा ठिकाणी लहान गोळी परवडत होती. लांब नळीमुळे पुढची माशी आणि मागची खाच यांच्यातले अंतर वाढले आणि नेम धरणे सोपे झाले. कोकणात पिकांच्या राखणीसाठी परवान्यावर ठेवलेली ठासणीची बंदूक ज्यांनी पाहिली आहे त्यांना ही भरण्याची रीत ओळखीची वाटेल: नळीच्या तोंडातून दारू, मग गोळी, मग गजाने ठासणे. फरक नळीच्या आत आहे. लाँगरायफलच्या नळीत पिळाच्या खाचा असतात, बहुधा सात, साधारण चार फुटांत एक फेरा घेणाऱ्या. नळीच्या व्यासाहून किंचित लहान अशी गोळी चरबी लावलेल्या कापडाच्या तुकड्यात धरून आत सारतात. कापड खाचांत घट्ट बसते, गोळीला पीळ देते आणि ती स्वतःभोवती फिरत सरळ जाते. साध्या नळीच्या मस्केटचा शंभर यार्डांपलीकडे भरवसा नव्हता. लाँगरायफल जाणकाराच्या हाती दोनशे यार्डांवर उपयोगी पडे. बदल्यात ती भरायला वेळ खाई आणि तिला संगीन लावता येत नसे.

या खाचा हाताने पाडताना मी पाहिल्या त्या एका माहितीपटात. व्हर्जिनियातल्या विल्यम्सबर्ग या जतन केलेल्या वसाहतकालीन शहरात वॉलेस गस्लर नावाचा कारागीर होता. 1969च्या ‘गनस्मिथ ऑफ विल्यम्सबर्ग’ या चित्रपटात तो लोखंडाच्या पट्टीपासून सुरुवात करून पूर्ण रायफल उभी करतो. घडीव लोखंडाची पट्टी पांढरीफटक तापवायची, सळईभोवती लांबीच्या दिशेने वळवायची आणि कडा एकमेकींवर घेऊन घणाने सांधायच्या. एका तावात काही इंचच सांधतात. सळई वेळेत ओढून काढली नाही तर तीही आतच अडकते. मग आतून भोक सारखे करायचे, त्यातून ताणून ओवलेल्या दोऱ्याच्या अंदाजाने नळी सरळ ठोकायची, बाहेरून आठ पैलू पाडायचे. खाचा पाडण्याचे साधन बहुतांशी लाकडी असते. जाड दंडावर पिळाची चर कोरलेली असते; दंड ढकलला की त्याला जोडलेली कांब फिरत फिरत नळीत शिरते. कांबेच्या टोकाला पोलादाचा इवलासा दातेरी तुकडा असतो. एका खेपेत तो लोखंडाचा केसाएवढाही थर काढत नाही. धार वर यावी म्हणून त्याच्याखाली कागदाचा कपटा सरकवायचा आणि पुन्हा ढकलायचे. एक खाच पुरेशी खोल झाली की दुसरी, मग तिसरी. पडद्यावर हे काही मिनिटांत उरकते, तरीही पाहणाऱ्याचे खांदे भरून येतात.

दस्त्याचे काम नजरेचे. कर्ली मेपलचे लाकूड निवडतात, ज्यात आडवे पट्टे चमकतात. पण त्याआधी रेषा पाहायच्या. मूठ धरण्याच्या जागी दस्ता सर्वांत बारीक असतो, आणि तिथे लाकडाच्या रेषा तिरक्या गेल्या तर तो तिथेच मोडतो. नळी आणि कळ लाकडात बसवताना धातूला मेणबत्तीची काजळी लावतात, भाग जागेवर दाबतात, उचलतात, आणि जिथे काळा डाग उमटला तेवढेच लाकूड पटाशीने खरवडतात. हे शेकडो वेळा करावे लागते, तेव्हा कुठे लाकूड आणि लोखंड यांच्यात फट राहत नाही. कळीच्या कमानीला पाणी देणे हे वेगळेच दिव्य: जरा कडक राहिली तर तुटते, जरा मऊ राहिली तर वाकून तशीच राहते. शेवटी लोखंड विरघळवलेले नत्राम्ल लाकडावर पुसून वर तापलेले लोखंड फिरवतात. हिरवट दिसणारे लाकूड डोळ्यांदेखत तांबूस तपकिरी होते, आणि त्यावर जवसाच्या तेलाचे हात चढतात.

एवढे सांगितल्यावर ‘जुने ते सोने’ म्हणून थांबणे सोपे आहे. पण जुन्या लँकेस्टरमध्ये हे असे चालत नव्हते. तिथला बंदूकवाला व्यापारी होता. नळ्या अनेकदा पाणचक्कीवर चालणाऱ्या नळीच्या कारखान्यांतून येत. कळी मोठ्या संख्येने इंग्लंडहून आयात होत. दुकानात शिकाऊ मुले राबत. 1740 साली माइन्झला जन्मलेला आणि लहानपणी अमेरिकेत आलेला जेकब डिकर्ट हा लँकेस्टरचा सर्वांत नावाजलेला कारागीर. 1792मध्ये नव्या सरकारने सैन्यासाठी ज्यांच्याकडून रायफली घेतल्या त्यांत त्याचे दुकान होते. अशा मालाचे माप ठरलेले असते. खांदा कुणाचा, हे विचारायला तिथे जागा नाही. म्हणून आज काही मंडळी तयार नळी किंवा तयार कळ विकत घेणाऱ्याला कमी लेखतात, तेव्हा मला तो वाद चुकीच्या जागी चाललेला वाटतो. तयार भाग आणून दस्त्यावर जीव ओतणारा माणूस डिकर्टच्या बराच जवळ आहे. गस्लरने केले ते त्याहून अवघड आणि थोर होते, पण ते विसाव्या शतकातले काम होते. एकाच माणसाने सगळे भाग घडवून, एकाच ओळखीच्या माणसासाठी, पैशाचा हिशेब न मांडता रायफल करणे ही या हस्तकलेच्या पुनरुज्जीवनाची देणगी आहे. कॅप्टन जॉन डिलिनचे ‘द केंटकी रायफल’ हे पुस्तक 1924चे, ठासणीच्या रायफलींची राष्ट्रीय संघटना 1933ची, आणि आजच्या लाँगरायफल कारागिरांची संघटना 1996ची. परंपरा म्हणून जे मिरवले जाते त्यातला सर्वांत सुंदर भाग असा अलीकडचा आहे. त्याने त्याची किंमत घटत नाही.

दुसरी गोष्ट सांगायला जड जाते. डिसेंबर 1763मध्ये पॅक्सटन बॉइज म्हणून ओळखल्या गेलेल्या सशस्त्र वसाहतवाल्यांनी आधी कॉनेस्टोगा वस्तीतल्या सहा मूळनिवासींना मारले. वाचलेल्या चौदा जणांना संरक्षणासाठी लँकेस्टरच्या वर्कहाउसमध्ये ठेवले होते. 27 डिसेंबरला जमाव तिथे शिरला आणि बायकामुलांसकट त्या चौदाही जणांना ठार केले. रायफलींसाठी ख्यात असलेले गाव ते हेच. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धातल्या किंग्ज माउंटनच्या 1780च्या लढाईत याच बंदुकीने इंग्रजांच्या बाजूचा मेजर फर्ग्युसन पडला, हे अमेरिकी मुले अभिमानाने शिकतात. वर्कहाउसमधला दिवस कमी शिकवला जातो. शॉनी आणि डेलावेअर या मूळनिवासी लोकांनीही याच रायफली मिळवल्या आणि त्या उत्तम चालवल्या, म्हणून हा इतिहास एका बाजूचा उरत नाही. पण जमीन कुणाची गेली हे त्याने बदलत नाही. मेपलच्या पट्ट्यांचे सौंदर्य सांगताना जो लेखक हे गाळतो त्याच्या सौंदर्यदृष्टीवर माझा विश्वास बसत नाही.

मग आज, शाळांतल्या गोळीबारांच्या बातम्या येत असताना, त्या देशातल्या बंदूक घडवणाऱ्याचे कौतुक का करावे? चकमकीची बंदूक मिनिटाला एखादाच बार काढते, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. ‘हाताने, घरी केलेली’ हे तर उत्तरच नव्हे. अमेरिकेत घरी तयार होणारी दुसरीही एक बंदूक आहे: अर्धवट कातलेल्या सुट्या भागांचा संच मागवायचा, थोडी भोके पाडायची, आणि क्रमांक नसलेले आधुनिक पिस्तूल हाती. तिला तिथे ‘घोस्ट गन’ म्हणतात, कारण गुन्हा झाल्यावर तिचा माग लागत नाही. तीही घरचीच, तीही हातचीच. 2022मध्ये केंद्र सरकारने अशा संचांना क्रमांक आणि खरेदीदाराची तपासणी लागू केली, आणि मार्च 2025मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला.

या दोन बंदुका शेजारी ठेवल्या की मला जे म्हणायचे आहे ते स्पष्ट होते. एक बंदूक कुणी केली हे कळू नये म्हणून केलेली असते. दुसरीच्या नळीच्या वरच्या पैलूवर, भरणाऱ्याच्या नजरेसमोर, करणाऱ्याचे नाव कोरलेले असते. डिकर्टनेही ते तसेच कोरले होते. ती कुणी केली आणि कुणासाठी केली, दोन्ही माहीत असते. हस्तकलेची नैतिक किंमत हातात नसते, या दोन माहितींत असते. ज्याचे नाव आहे त्याला विचारता येते, आणि ज्याच्यासाठी केली तो समोरचा माणूस आहे.

‘मित्रासाठी’ या शब्दाचे वजनही इथेच आहे. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. कारखान्याला गिऱ्हाईकाच्या मनाची अवस्था कळण्याचा मार्ग नाही. मित्राला तो आहे. जो मित्राच्या हाताचे माप घेतो त्याला त्याचे लग्न मोडल्याचे, नोकरी गेल्याचे, रात्री झोप नसल्याचेही ठाऊक असते. काम महिनोन्‌महिने चालते, आणि त्या काळात एखाद्या बनवणाऱ्याने अर्धा कोरलेला दस्ता कपाटात ठेवून ‘आत्ता नको’ म्हणणे हे मी त्या कारागिरीचाच भाग मानतो. बंदूक देण्याइतकीच न देण्याचीही जबाबदारी घेता येणे, हे फक्त ओळखीत शक्य आहे.

आपल्याकडे 1959च्या शस्त्र कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बंदूक घडवणे गुन्हा आहे, आणि तो तसाच राहावा. अमेरिकेचा 1968चा केंद्रीय कायदा मात्र दोन गोष्टी एकदम करतो: कारखानदारांना प्रत्येक बंदुकीवर क्रमांक सक्तीचा करतो, आणि चकमकीच्या बंदुकांच्या प्रतिकृती आपल्या व्याख्येबाहेर ठेवतो. लाँगरायफल घडवणाऱ्यावर त्यामुळे नाव कोरण्याची सक्ती नाही; कोरतो तो स्वखुशीने. आणि काही जण कोरत नाहीत. नव्या बंदुकीला मुद्दाम झीज, गंज, ओरखडे देऊन ती जुनी भासवण्याची आवड अलीकडे वाढली आहे. ते कसब मोठे आहे, पण अशी निनावी बंदूक दोन हातांतून फिरली की अठराव्या शतकातली म्हणून विकली जाऊ शकते, आणि संग्राहकांना ही डोकेदुखी चांगलीच परिचित आहे.

संचाच्या बंदुकांवरचा 2025चा निकाल मला योग्य वाटतो, आणि लाँगरायफलला 1968पासून मिळालेली सूटही योग्य वाटते. ही सूट ज्यांना मिळाली आहे त्यांच्याकडे मागणे एकच: दस्ता हवा तेवढा जुना दिसू द्या, पण नळीवर आपले नाव आणि साल कोरा, आणि ज्याच्यासाठी ती केली त्याचे नाव निदान नळीच्या खालच्या, लाकडात झाकल्या जाणाऱ्या पैलूवर लिहून ठेवा.