थांबायचं तर कशासाठी, ते आधी सांग

इतवारी, नागपूर
डिसेंबर २०२५

प्रिय भाच्या,


प्रोसेसर आत्ता घेऊ की नवा येईपर्यंत थांबू, असं तू विचारलंस. फोनवर सांगितलं असतं तर ‘हो मामा’ म्हणून तू आपलंच केलं असतंस, म्हणून लिहून पाठवतो.

इथे सराफा ओळीत वर्षभर हाच प्रश्न कानावर पडतो आहे. सोनं तोळ्याला लाखाच्या पार गेलं, तरी भाव उतरेल म्हणून थांबलेली माणसं थांबलेलीच आहेत. पण तो हिशेब तुला लागू नाही. सोनं तिजोरीत ठेवायला घेतात. प्रोसेसर घेतल्या दिवसापासून जुना होत जातो, त्याच्यावर काम करून पैसे काढले तरच तो स्वस्त पडतो.

नवा तर येणारच. इंटेलने पुढची पिढी २०२६ च्या अखेरीस आणू असं सांगितलंय आणि एएमडीही स्वस्थ बसलेली नाही. पण नवीन माल बाजारात उतरला की सुरुवातीला त्याचे बोर्ड महाग असतात, आणि आपल्याकडच्या दुकानात हवा तोच नंबर मिळेल याचा भरवसा नसतो. म्हणजे तुझ्या टेबलावर तो यायला २०२७ उजाडणार. तोवर लग्नसराईचे व्हिडिओ कशावर कापशील? तुझा सातव्या पिढीचा आय-फाइव्ह २०१७ चा. चार कोअर, चारच थ्रेड. त्यावर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबरला संपला. वाढीव सुरक्षा अपडेट घेतलेस तरी पुढच्या ऑक्टोबरपर्यंतच.

आणि तू प्रोसेसरचे भाव बघत बसलास, पण यंदा खरा घोळ रॅमचा आहे. एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरीची एवढी मागणी लावलीय की कारखाने तिकडेच वळलेत. मायक्रॉनने तर याच महिन्यात जाहीर केलं की ‘क्रूशियल’ नावाने किरकोळ ग्राहकांना माल विकणं फेब्रुवारीनंतर बंद. डीडीआर ५ चे भाव सप्टेंबरपासून दुपटीच्या वर गेलेत. प्रोसेसरमध्ये दोन हजार वाचवायला थांबशील आणि रॅममध्ये आठ हजार घालवशील, असं व्हायचं.

म्हणून आता नीट वाच. तुझ्या डब्यात १६ जीबी डीडीआर ४ रॅम आहे, ती आज तुझ्याकडची सगळ्यात कामाची वस्तू. ज्या रायझनवर तुझं मन बसलंय ते एएम ५ सॉकेटचे, त्यांना फक्त डीडीआर ५ चालते. इंटेलच्या बाराव्या पिढीला मात्र दोन्ही चालतात, बोर्ड तसा घ्यायचा. माझं मत विचारशील तर आय-फाइव्ह १२४०० घे, आत्ताच घे, आणि चार स्लॉटचा डीडीआर ४ बोर्ड बघ. सहा कोअर, बारा थ्रेड. जानेवारी २०२२ चा आहे, हे ऐकून तुझे दोस्त हसतील. हसू दे ना! लग्नाचे पैसे दोस्त देतात का?

त्यातही एफ अक्षराचा, म्हणजे १२४००एफ, घेऊ नको. थोडा स्वस्त मिळतो, पण त्यात ग्राफिक्सच नसतं, आणि तुला तेच पाहिजे. हल्लीचे कॅमेरे दहा बिट ४:२:२ मध्ये एच.२६५ व्हिडिओ काढतात. तो उलगडायचं काम इंटेलच्या आतल्या ग्राफिक्समध्ये हार्डवेअरच करतं. भारी प्रोसेसर असूनही टाइमलाइन अडकते ती पुष्कळदा इथे.

तेराव्या-चौदाव्या पिढीचे मोठे नंबर कोणी गळ्यात मारू पाहील. त्यांतल्या बऱ्याच चिप जास्तीच्या व्होल्टेजने खराब होत होत्या. इंटेलने ऑगस्ट २०२४ मध्ये दुरुस्ती दिली आणि वॉरंटीही दोन वर्षं वाढवली. घेतलेच तर आधी बायॉस अपडेट कर. बारावी पिढी या भानगडीत नव्हती. शिवाय १२४०० चं मूळ रेटिंग ६५ वॅट. तुझ्या खोलीत एसी नाही आणि मे महिन्यात आपल्याकडे ४५ अंश सहज होतात. गरम खोलीतल्या हवेने प्रोसेसर किती गार होणार! पन्नास-साठ वॅट जास्त ओढणाऱ्या चिपचा हिशेब पुण्यातल्या मुलांनी करावा.

तुझ्याकडे दहाव्या-अकराव्या पिढीचं मशीन असतं तर मीच म्हणालो असतो, गप बस, वर्षभर चालव. आणि एखाद्या ठरलेल्या कामासाठी ठरलेल्या तारखेला येणारी वस्तू हवी असती, तरी थांब म्हणालो असतो. ‘काहीतरी भारी येईल’ ही तारीख नव्हे.

घेताना सीलबंद खोक्यातला घे. ट्रेवाला सुटा माल थोडा स्वस्त पडतो, पण सोबत पंखा येत नाही आणि वॉरंटी दुकानदाराच्या तोंडची असते. पक्कं बिल माग. अठरा टक्के वाचवायला कच्च्या चिठ्ठीवर माल उचलायची आपल्या इतवारीची खोड तू तरी लावून घेऊ नको. आणि बिलावर प्रोसेसरचा पूर्ण नंबर लिहून घे, शेवटी एफ नाही ना ते बघून.

तुझा,
मामा