पडलेलं आणि पाडलेलं

आमच्या गावात आंब्याचा एक कायदा आहे. तो कुठं लिहिलेला नाही, पण तलाठ्याच्या दप्तरापेक्षा जास्त पाळला जातो. झाडावरचा आंबा मालकाचा आणि पडीचा आंबा उचलणाऱ्याचा. वळवाच्या वाऱ्यानं रात्री सडा पडला की पहाटे अंधारातच पोरं-बायका पिशव्या घेऊन निघतात. मालक सोप्यात बसून बघत असला तरी काही बोलत नाही. बोलला तर गाव त्यालाच नावं ठेवतं. पण कुणी फांदी हलवली, धोंडा मारला आणि मग खाली आलेला आंबा उचलला, तर तो पडीचा नव्हे. पडला आणि पाडला यांत फरक एका कान्याचा. तेवढ्या कान्यावरनं आमच्याकडं भांडणं झालेली आहेत.

मला स्वतःला हा कायदा कधी अवघड वाटला नव्हता. तो अवघड झाला एका फुलापायी.

आमचा भाग आजऱ्याच्या पश्चिमेचा, घाटमाथ्याचा. पाऊस चार महिने कोसळतो. ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा अशा जुन्या झाडांच्या फांद्यांवर शेवाळ चढतं, आणि त्या शेवाळात आमरी वाढतात. शहरात यांना ऑर्किड म्हणतात. त्यातली सगळ्यांना ठाऊक असलेली सीतेची वेणी. एरवी वर्षभर तिच्याकडं कुणी ढुंकून बघत नाही. जाड, पट्ट्यासारखी हिरवी पानं आणि खाली लोंबणारी पांढुरकी मुळं, बस्स. पण रोहिणी लागल्या की त्या पानांच्या बगलेतनं वीतभर, कधी हातभर घोस खाली सुटतो. पांढऱ्या पाकळ्या, वर गुलाबी-जांभळे ठिपके, आणि फुलं इतकी दाट की खरंच कुणी वेणी गुंफून ठेवल्यासारखी. आसामात हेच फूल कपौ म्हणून ओळखतात, बिहूच्या नाचात बायका ते केसांत माळतात, आणि ते त्या राज्याचं राज्यफूलही आहे. आमच्याकडं नाव वेणीचं असूनही ते कुणी माळत नाही. गुराख्याच्या पोरानं काठीला अडकवलं तर तेवढंच.

आषाढातल्या वाऱ्यात जुन्या ऐनाच्या फांद्या मोडून पडतात. फांदीबरोबर वेणीही खाली येते. वर उजेडात, हवेत जगायची सवय असलेलं झाड चिखलात पडलं की कुजतं, नाहीतर जनावराच्या पायाखाली जातं. आमच्या स्वतःच्या मालकी रानात अशी एक फांदी मला मिळाली, तिच्यावर तीन रोपं होती. मालकी रानात म्हणतोय ते मुद्दाम. अभयारण्यातनं पडकी काडीसुद्धा परवानगीशिवाय आणता येत नाही, 1972 चा वन्यजीवांचा कायदा तसं सांगतो. तिथं आमचा आंब्याचा कायदा चालत नाही, आणि चालू नये असंच माझं मत आहे.

परड्यातल्या रायवळ आंब्याच्या खोडावर, पूर्वेच्या अंगाला, ती रोपं मी काथ्यानं बांधत होतो. मागनं आत्या आली.

"आरं, बांडगूळ बांधाय लागलास व्हय आंब्याला? आंबा वाळंल की."

आत्याबद्दल थोडं सांगायला हवं. लग्नानंतर दोन वर्षांत तिला सासरच्यांनी टाकली. आमच्या बोलीत अशा बाईला टाकलेलीच म्हणतात, शब्द काही लपवत नाही. माझे आजोबा बैलगाडी घेऊन गेले आणि तिला घेऊन आले. त्यानंतर चाळीस वर्षं तिनं आमच्या घरात म्हशींच्या धारा काढल्या, भात लावला, आम्हा भावंडांना वाढवलं. वाटणीच्या बैठकीत जमिनीचा विषय निघाला तेव्हा घरातल्याच एकानं चारचौघांत तिच्याकडं बोट करून म्हटलं, "ह्या बांडगुळाचं काय करायचं?" बैठकीत कुणी काही बोललं नाही. आत्या उठून म्हशीला वैरण घालायला गेली. त्यामुळं बांडगूळ हा शब्द तिच्या तोंडून निघाला की मी जरा सावध होतो.

मी तिला जवळ बोलावून दाखवलं. बांडगुळाचं बी चिकट असतं, पक्षी ते फांदीवर पुसतात, आणि रुजल्यावर त्याचं मूळ सालीतनं आत लाकडात शिरतं. झाडानं ओढलेलं पाणी ते मधल्यामध्ये पितं. (बांडगुळाचीही एक बाजू आहे. त्याच्या फुलांवर आणि फळांवर फुलचुकीसारखे चिमुकले पक्षी जगतात. पण ते असो.) वेणीचं तसं नाही. तिचं मूळ सालीला नुसतं धरून बसतं. त्याच्यावर पांढरं स्पंजासारखं वेष्टण असतं. पाऊस, दव, सालीवरनं ओघळणारं पाणी आणि त्यातली धूळ-पाचोळ्याची माती एवढ्यावर ते भागवतं. आंब्याचं ती घेते काय, तर उभं राहायला जागा. आत्यानं मोडक्या फांदीवरच्या एका मुळाखाली नख घालून बघितलं.

"आत न्हाई गेलं की ह्ये," ती म्हणाली. आणि थोड्या वेळानं, "नुस्तं धरून ऱ्हायलंय."

त्या दिवसापासून त्या रोपांची मालकीण तीच झाली. पण ती पाणी फार घाले, तेव्हा मला मधे पडावं लागे. घरी ऑर्किड ठेवणाऱ्या बहुतेकांचं झाड पाण्यावाचून मरत नाही, पाण्यानं मरतं. मूळ चंदेरी दिसलं की त्याला तहान आहे, हिरवं दिसलं की पोट भरलेलं आहे. पावसाळ्यात काहीही करायचं नाही. फाल्गुन-चैत्रात सकाळी एक शिडकावा, तोही ऊन चढायच्या आत, आणि शेंड्यात पाणी साचू द्यायचं नाही. कुंडी असेल तर तिच्यात माती नको. कोळसा, विटांचे तुकडे, नारळाची सोडणं. बुरशी आली असं वाटून पांढरी मुळं खरवडून काढणारे लोकही मी बघितलेत. वेणीची एक बहीण आहे, डेंड्रोबियम, पावसाळा संपला की पानं गाळते आणि हिवाळाभर वाळक्या काड्यांसारखी दिसते. ती मेली म्हणून लोक उकिरड्यावर टाकतात आणि ती माघ-फाल्गुनात त्या काड्यांवरच पांढरी फुलं काढते. पहिली दोन वर्षं आमच्या आंब्यावर काहीच घडलं नाही. तिसऱ्या वर्षी चार घोस आले.

तिथनं खरा प्रश्न सुरू झाला. मे महिन्यात एका लग्नाला आलेले शहरातले एक पाहुणे परड्यात हात धुवायला गेले आणि तिथंच उभे राहिले. गृहस्थ चांगले, झाडांचे खरे वेडे, गच्चीवर चाळीस-पन्नास ऑर्किड राखणारे. जाताना म्हणाले, "गुरुजी, असली चार-पाच रोपं मिळाली तर बघा. दोनशे-दोनशे देईन." मी हसून विषय टाळला. पण शेजारी गावातलं एक पोरगं उभं होतं, त्यानं ऐकलं.

पंधरा दिवसांनी ते पोरगं गोणपाटात गुंडाळून दोन रोपं घेऊन आलं.

"गुरुजी, पडल्याली हाय. वाटंवर गावली."

मोडलेली फांदी ओळखू येते. तिचं टोक चिंबलेलं असतं, धसं निघालेली असतात, साल लांबवर सोलून आलेली असते. या फांद्यांची टोकं तिरकी आणि गुळगुळीत होती. कोयत्याचा एकच घाव. आंब्याला असा पुरावा नसतो. देठ तुटला तो वाऱ्यानं की धोंड्यानं हे आंबा सांगत नाही. फांदी सांगते.

मी तसं म्हटल्यावर पोरगं खाली बघत राहिलं, मग मान वर करून म्हणालं, "तुमी आनलं त्ये पडीचं, आन् आमी आनलं की चोरी व्हय गुरुजी?"

या प्रश्नाला मी हलक्यात घेत नाही. अर्ध्या प्रश्नाचं उत्तर फांदीच्या टोकात होतं. पण दुसरा अर्धा राहतोच. मला महिन्याच्या महिन्याला पगार होता. पडलेल्याचीच वाट बघत बसणं मला परवडत होतं. त्याच्या घरात बाप आजारी, आई दुसऱ्याच्या रानात रोजानं जाणारी. दोनशे रुपये त्याच्या घरी काय असतात हे मला ठाऊक होतं. ज्याचं पोट भरलेलं आहे त्यानं उपाशी माणसाला रानाची नीती शिकवणं किती सोपं असतं.

आणि समोर ती दोन रोपं. त्यांचा काही गुन्हा नाही. घेतली नाहीत तर ती गोणपाटातच वाळणार. घेतली तर उद्या दहा येणार. बाजारात पिंजऱ्यातला पोपट विकत घेऊन आकाशात सोडून देणारा माणूस मला आठवला. त्याची दया खरी असते, पण फासेपारध्याला तो गिऱ्हाईकच असतो. ज्या पोपटाला त्यानं सोडलं त्याचं भलं झालं, आणि जो अजून पकडला गेला नव्हता त्याच्यावर जाळं पडलं. दोन्ही खरं आहे, आणि कितीही वेळ विचार केला तरी एक खरं दुसऱ्याला खोडून काढत नाही.

हे लहानसहान गावातलं नाही. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडातल्या श्रीमंतांना ऑर्किडचं वेड लागलं, तेव्हा त्यांनी पगारी माणसं जगभरच्या रानांत पाठवली. अल्बर्ट मिलिकन नावाच्या अशाच एकानं 1891 च्या आपल्या पुस्तकात स्वतःच लिहून ठेवलंय, की कोलंबियात दोनेक महिन्यांत सुमारे 10,000 रोपं गोळा केली आणि त्यासाठी सुमारे 4,000 झाडं तोडली. रोप उंचावर असतं, चढणं जिकिरीचं, झाडच पाडलं की काम सोपं. इंग्लंडातल्या काचघरात बसून फुलाचा वास घेणाऱ्या बाईसाहेबांनी कुऱ्हाड बघितलीसुद्धा नसेल. आमच्या पाहुण्यांनीही कोयता बघितला नव्हता. पण भाव त्यांनी सांगितला होता.

मी घोळत होतो तोवर आत्या गोठ्यातनं आली. सगळं ऐकून घेतलं, फांदीचं टोक बोटानं चाचपलं. पोराला विचारलं, "कुठल्या झाडाची रं?" त्यानं सांगितलं, पाणंदीकडच्या ऐनाची. मग मला म्हणाली, "जिथली हाय तिथं बांधू दे त्याला. पैसं आनल्याचं दिऊ नगंस, वर चढल्याचं दे."

"आणि उद्या परत तोडून आणली, चढायचे पैसे मिळतात म्हणून?"

"तर उद्या न्हाई द्याचं. येकदा चुकलंय त्येला वाट दावायची, रोज न्हाई." जरा थांबून ती म्हणाली, "आन् ह्येबी आइक. ह्या आंब्यावरची तीनबी तुजी न्हाईत. आनून बांदली म्हंजी तुजी झाली असं न्हवं. उचलून आनल्याल्याची मालकी कुनाची नसतीया."

मी तिच्याकडं बघितलं नाही. ते वाक्य वेणीपुरतं नव्हतं हे मला कळलं, आणि मला कळलंय हे तिलाही.

आम्ही तिघं गेलो. पोरगं सरसर वर चढलं, मी खालनं काथ्या फेकला, आत्या बांधावर बसून "जरा उजेडाकडं, उजेडाकडं" असं सांगत राहिली. मी त्याला त्या दिवसाचा पूर्ण रोज दिला. दोनांतलं एक जगलं, दुसरं पावसाआधीच वाळलं.

पाहुण्यांना मी फोन करून एवढंच सांगितलं, की रानातली मिळणार नाहीत, रोपवाटिकेतनं बाटलीतली घ्या. बाटलीतली म्हणजे काचेत जन्मलेली. ऑर्किडचं बी पिठासारखं बारीक. एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो. पण त्या बीजाजवळ स्वतःची शिदोरी नसते. रानात एखादी बुरशी भेटून तिनं खाऊ घातलं तरच ते रुजतं; ही गोष्ट 1899 मध्ये नोएल बर्नार या फ्रेंच माणसाच्या ध्यानात आली. 1922 साली अमेरिकेत लुईस नडसननं बुरशीऐवजी साखर घातलेल्या खळीवर ते रुजवून दाखवलं. 1960 मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेलनं कोंभाच्या टोकाच्या इवल्या तुकड्यापासून नवी रोपं काढली. आज बाजारात मिळणारी फॅलेनॉप्सिस, संकरित डेंड्रोबियम ही याच मार्गानं आलेली असतात. त्यांच्यापायी कुठल्या ऐनावर घाव पडत नाही. घरी ऑर्किड ठेवायची हौस असेल त्यानं तीच घ्यावीत, असं मी आता कुणी विचारलं की सांगतो. पावती बघून घ्यावी, आणि कुणी "घाटातली ओरिजिनल" म्हणून पुढं केली तर टोक बघावं.

यानं सगळं सुटलं असं मात्र वाटत नाही. पाहुण्यांनी बाटलीतली घेतली तरी आमच्या पोराचे दोनशे रुपये बुडालेच. ते पुढं कोल्हापूरला कारखान्यात लागलं. रानातली फुलं वाचली म्हणून त्याचं घर चाललं नाही, आणि या दोन गोष्टी एका तागडीत घालायचा हक्क मला आहे का, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आत्या गेली त्याला आता काही वर्षं झाली. आंब्यावरच्या वेणीचं मूळ तिच्या देखतच बुंध्याला अर्धा विळखा घालून झालं होतं. काथ्या कधीच कुजून पडला होता. मागच्या रोहिणीत अकरा घोस होते. पाहुण्यांचा दर मे महिन्यात अजून फोन येतो, फुललंय का म्हणून विचारतात. फुललंय, या बघायला, असं मी सांगतो.