नोंद संपते तिथून

जुन्या गावात जाऊन लिहिण्याची हौस हल्ली वाढली आहे. लेखनाची शिबिरे भरतात. दिवसा मंदिरे, वाडे, घाट पाहायचे आणि रात्री कथा-कविता लिहायला बसायचे. हौस चांगलीच आहे; पण अशा ठिकाणी लिहिलेले बरेचसे साहित्य एकाच छापाचे का निघते, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. गाव कोणतेही असो, तिथे दगड बोलू लागतात, काळ थबकतो, भिंती उसासे टाकतात. गावाचे नाव खोडून दुसरे घातले, तरी मजकुराचे काही बिघडत नाही. मग त्या गावापर्यंत जायचे कशाला?

मराठी लेखकाने या प्रश्नासाठी तंजावरला जावे. राजराज चोळाने बांधलेले तिथले बृहदीश्वर मंदिर 1010 साली पुरे झाले. साठ मीटरहून उंच असलेल्या त्याच्या विमानाची सावली जमिनीवर पडत नाही, असे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगतात. प्रत्यक्षात सकाळ-संध्याकाळ ती सावली अंगणात लांबच लांब पसरलेली असते. तरीही ती आख्यायिका एका लेखातून दुसऱ्या लेखात उतरत राहते. ऐकलेले मनात इतके भरलेले असते की समोरचे दिसतच नाही. सर्जनशील लेखनाला सर्वांत मोठा धोका या आयत्या मिळालेल्या अद्भुताचा असतो.

खरे अद्भुत त्याच मंदिराच्या भिंतींवर कोरलेले आहे. राजराजाने मंदिराच्या सेवेसाठी चोळ देशातल्या निरनिराळ्या देवळांतून सुमारे 400 नर्तकी आणवल्या आणि भोवतीच्या गल्ल्यांमध्ये वसवल्या. त्यांची यादी तमिळमध्ये दगडावर आहे. बाईचे नाव, ती कोणत्या देवळातून आली, कोणत्या गल्लीत, कोणत्या ओळीत, कितव्या घरात राहते, तिला धान्याचा वाटा किती, हे सारे त्यात नोंदले आहे. त्यांच्यामागोमाग वादक, हिशेबनीस, शिंपी, परीट, कुंभार, न्हावी येतात. वाटेकरी मेला किंवा परगावी निघून गेला, तर जवळच्या नातलगाने तो वाटा घेऊन सेवा चालवावी. त्याला ती येत नसेल, तर येणारा माणूस नेमावा, असा नियमही कोरून ठेवला आहे.

या यादीत बाईला नाव आहे, पत्ता आहे, मोबदला आहे. मूळ गाव सोडताना तिला विचारले होते का, शेजारच्या घरातलीशी तिचे पटत होते का, हे मात्र दगड सांगत नाही. कल्पनाशक्तीचे काम इथून सुरू होते. तिला शिल्पकाराच्या प्रेमात पाडणे सोपे आहे आणि ते शंभरदा झाले आहे. तो वारसाचा नियम वाचलेल्या लेखकाला वेगळीच बाई दिसेल. तिचे पाय थकत चाललेले असतील, धाकट्या बहिणीला नाच येत नसेल आणि आपल्यामागे त्या वाट्याचे काय होणार, ही चिंता तिला झोपू देत नसेल. ही गोष्ट तंजावरातच घडू शकते. तिथून ती उचलून दुसरीकडे ठेवता येत नाही.

त्याच मंदिराच्या प्राकारात मराठीतला एक प्रदीर्घ शिलालेख आहे. व्यंकोजीराजांनी सतराव्या शतकात उभे केलेले तंजावरचे मराठी राज्य पुढे दुसऱ्या सरफोजींकडे आले. 1799च्या तहाने राज्याचा कारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांकडे किल्ल्यापुरती सत्ता उरली. त्यानंतर 1803 साली सरफोजींनी भोसले घराण्याचा इतिहास इथे कोरून घेतला. हा शिलालेख किती मोठा, याची वर्णने पुष्कळ होतात. राज्य हातचे गेल्यावर राजाला वंशाची कथा दगडावर का लिहावीशी वाटली, हा प्रश्न मला त्याहून मोठा वाटतो. पुढे याच राजाने सरस्वती महाल ग्रंथालय वाढवले, देवनागरी छापखाना काढला, जगाचा भूगोल सांगणारे मराठी नाटक रचले. सत्ता आकसली तसा त्याचा लेखनाचा पसारा वाढला. कादंबरीकाराने या माणसाच्या मनात शिरायचे, तर तारखांचा हा क्रम आधी नीट लावावा लागेल.

कल्पनेला तपशिलाचे ओझे होते, असे लेखक म्हणतात. मला ते पटत नाही. तपशील नसला की कल्पना जुन्याच वाटेने चालते: राजनर्तकी, शापित वाडा, मध्यरात्रीचे पैंजण. ज्यांची आयुष्ये आपण साहित्य म्हणून वापरतो, त्या माणसांचे आपण काही देणे लागतो, हेही खरे. त्यांच्याविषयी जे ठाऊक आहे ते डावलून हवे ते लिहिणे हा त्यांच्यावर अन्याय आहे. जे कुणालाच ठाऊक नाही ते मन लावून कल्पिणे हा लेखकाचा हक्क आहे. या दोहोंमधली रेषा कुठे आहे, ते वाचल्याशिवाय कळत नाही.

म्हणून लिहिण्यासाठी जुन्या गावी निघालेल्यांना माझे सांगणे आहे. प्रेक्षणीय स्थळांची यादी निम्मी करा. उरलेला वेळ एका भिंतीपुढे किंवा एका दप्तरापुढे काढा. लिपी येत नसेल, तर येणाऱ्याला सोबत घ्या. नोंद कुठे संपते ते आधी नक्की करा आणि मगच पहिले वाक्य लिहा.