पाहण्याचे घर आणि पूजेचे घर

जकार्ताच्या पूर्व भागातील ‘तमान मिनी इंडोनेशिया इंदाह’ हे उद्यान २० एप्रिल १९७५ रोजी सुरू झाले. कल्पना राष्ट्राध्यक्ष सुहार्तो यांच्या पत्नी तिएन सुहार्तो यांची. डिस्नेलँड पाहून ती त्यांना सुचली. सुमारे दीडशे हेक्टर जागा, मधोमध तळे, तळ्यात देशाच्या द्वीपसमूहाचा उठावाचा नकाशा आणि भोवती प्रांतवार दालने. प्रत्येक दालनात त्या प्रांताची पारंपरिक घरे. विद्यार्थ्यांनी १९७१-७२ मध्ये या खर्चाविरुद्ध निदर्शने केली. सुहार्तोंनी विरोधकांना जाहीर दम भरला आणि काम पुढे रेटले. हा राजकीय इतिहास पुष्कळदा सांगितला जातो. त्याच्याइतकाच महत्त्वाचा, पण कमी चर्चिलेला प्रश्न धर्माचा आहे: पवित्र वास्तूची हुबेहूब प्रतिकृती उभारली, तर पावित्र्य तिच्यात येते का?

दक्षिण सुलावेसीच्या दालनात तोराजा लोकांचे ‘तोंगकोनान’ आहे. होडीसारखे दोन्ही टोकांना उचललेले छप्पर, कोरीव रंगीत भिंती आणि दर्शनी खांबावर एकावर एक बसवलेली रेड्यांची शिंगे, यांमुळे ते लगेच ओळखू येते. तोराजांच्या डोंगराळ मुलुखात मात्र तोंगकोनान ही नुसती राहण्याची जागा नसते. ते मूळ पूर्वजांचे घर असते आणि त्याच्याशी रक्ताचे नाते सांगणारे सगळे त्याचे असतात, मग ते कुठेही राहोत. घराचे तोंड उत्तरेकडे. पूर्वेची बाजू जीवनाच्या विधींची, पश्चिमेची मृत्यूच्या. अंत्यविधी होईपर्यंत मृताचा देह घरातच ठेवतात, कधी महिनोन्‌महिने, आणि तोवर त्याला आजारी मानून त्याच्यापुढे अन्नही ठेवले जाते. खांबावरची शिंगे अशाच अंत्यविधींत बळी दिलेल्या रेड्यांची असतात.

उद्यानातल्या तोंगकोनानमध्ये कोणी मरत नाही. फरक एवढाच आहे, आणि तो पुरेसा आहे. अस्सल लाकूड विरुद्ध नवे लाकूड असा हा भेद नव्हे, कारण तोराजा स्वतःच आपली घरे उतरवून पुन्हा बांधतात. पुनर्बांधणी हाही विधीच असतो आणि तिने घराचा मान वाढतो. म्हणजे तिथेही मूळ सामग्री टिकत नाही. टिकते ते नाते. प्रतिकृतीकडे आकार आहे, पण कोणाचेही पूर्वज तिच्यात नाहीत.

याच उद्यानात काही वास्तू मात्र प्रतिकृती नाहीत. दिपोनेगोरो या राजपुत्राचे नाव दिलेली मशीद, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट चर्च, बौद्ध विहार आणि बाली पद्धतीचे हिंदू मंदिर ‘पुरा पेनातारान आगुंग केर्ताभूमी’ ही चालती उपासनास्थळे आहेत. बालीचे दालन वेगळे आणि हे मंदिर वेगळे. बालीच्या परंपरेत नव्या वास्तूची शुद्धी करून देवतेला आवाहन केले जाते. मराठी वाचकाला यात प्राणप्रतिष्ठेचे साम्य सहज दिसेल. देवता आवाहनाने येत असेल, तर बालीपासून शेकडो किलोमीटर दूर जकार्तातही ती येऊ शकते आणि तिथले मंदिर नक्कल ठरत नाही. पूर्वजांना असे बोलावून नव्या पत्त्यावर नेता येत नाही. वंशाचा धर्म जागेला आणि कुळाला बांधलेला असतो, आवाहनाचा धर्म तितका नसतो. एकाच उद्यानात एक घर देखावा होते आणि दुसरे पूजास्थान राहते, ते यामुळे.

पण हे एकच कारण नव्हे. दुसरे राज्यसंस्थेचे आहे. इंडोनेशियाच्या ‘पंचशील’ या राष्ट्रतत्त्वांपैकी पहिले तत्त्व एकमेव परमेश्वरावरील श्रद्धेचे. त्याच्या चौकटीत ज्याला देव, ग्रंथ आणि प्रेषित दाखवता आले, तो ‘धर्म’ झाला. बाकीचे सगळे ‘रूढी’. बालीच्या हिंदूंनाही मान्यतेसाठी ‘सांग ह्यांग विधी’ या एकमेव परमेश्वराचे रूप पुढे करावे लागले. तोराजांचा ‘आलुक तो दोलो’ आणि कालिमांतानच्या दायाकांचा कहारिंगान यांना अखेर हिंदू धर्माच्या छत्राखाली नोंद मिळवावी लागली. कन्फ्यूशियन पंथाचे नाव १९६५ च्या अध्यक्षीय आदेशातल्या धर्मांमध्ये होते, पण १९६७ मध्ये चिनी सण आणि विधी सार्वजनिकरीत्या करण्यावर बंदी आली. ती २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष अब्दुर्रहमान वाहिद यांनी उठवली आणि त्यानंतर उद्यानात कन्फ्यूशियन मंदिरही उभे राहिले.

उद्यानाचा आराखडा हाच निवाडा जमिनीवर मांडतो: धर्म तो, ज्याची पूजा करायची, रूढी ती, जी पाहायची. हा निवाडा चुकीचा आहे. तोराजांच्या घरात उपासना आणि वास्तू वेगळ्या काढता येत नाहीत, आणि त्या वेगळ्या काढल्यावर जे उरते त्याला वारसा म्हणणे म्हणजे त्या घराचा अर्थ बाहेर ठेवून भिंतींचे कौतुक करणे होय. उद्यानाच्या या आराखड्याला एक अपवाद आहे: जुन्या श्रद्धापंथीयांसाठी ‘सासोनो आदिरोसो’ ही वास्तू उद्यानात आहे. मात्र ओळखपत्रावर धर्माचा रकाना अशा लोकांना दीर्घकाळ कोरा सोडावा लागे. त्यात आपली श्रद्धा नोंदवण्याचा हक्क त्यांना इंडोनेशियाच्या घटनात्मक न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये दिला.