परगांवचें हंसूं

फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ यानें हास्यावर लिहिलेल्या आपल्या १९०० सालच्या पुस्तकांत एक लहानशी गोष्ट दिली आहे. चर्चमध्यें प्रवचन चाललें होतें आणि सारे श्रोते अश्रु ढाळीत होते. एक गृहस्थ मात्र कोरड्या डोळ्यांनीं बसला होता. त्याला कोणीं कारण विचारतां तो म्हणाला, कीं मी या चर्चच्या हद्दींतला नव्हे. बर्गसाँच्या मतें हें उत्तर रडण्यापेक्षां हंसण्यालाच अधिक लागू पडतें. कारण हंसणाऱ्याच्या मागें नेहमीं एक मंडळी उभी असते, आणि त्या मंडळींत जो नाहीं त्याला हंसूं येत नाहीं. वर्गांत ही गोष्ट मी अनेक वर्षें सांगत आलों आहें. ती एके दिवशीं आपल्याच अंगावर येईल असें मात्र कधीं वाटलें नव्हतें.

गेल्या वर्षीं कांहीं आठवडे अमेरिकेंत माझ्या पुतणीकडे राहण्याचा योग आला. तिच्या शेजारच्या बाई दर रविवारीं नेमानें चर्चमध्यें जाणाऱ्या. त्यांनीं एका संध्याकाळीं मोठ्या आग्रहानें ‘मॉम्स नाइट आउट’ हा आपला आवडता चित्रपट आम्हांला दाखविला. अँड्र्यू व जॉन अर्विन या बंधूंनीं दिग्दर्शित केलेला हा विनोदी ख्रिस्ती कौटुंबिक चित्रपट २०१४ च्या मे महिन्यांत, तिकडील मातृदिनाच्या सुमारास प्रदर्शित झाला होता. त्याची नायिका अ‍ॅलिसन ही लहान मुलांची आई. तिला जें जें हवें होतें तें सर्व मिळालें आहे. तरी ती सुखी नाहीं, आणि कां नाहीं हें तिचें तिलाच उमगत नाहीं. म्हणून मैत्रिणी, व त्यांत पाद्रीसाहेबांची पत्नीहि, एका रात्रीपुरती सुट्टी घेऊन बाहेर जेवायला निघतात. उपाहारगृहांत त्यांना जागा मिळत नाहीं, गोंधळांत एका तान्ह्या मुलाचा ठावठिकाणा लागेनासा होतो, घरीं मुलांना सांभाळतां सांभाळतां बापांची त्रेधा उडते, आणि सुट्टीची ती रात्र पोलीस ठाण्यांत येऊन पोंचते. तेथें मोटारसायकलवर हिंडणारा, अंगभर गोंदलेला बोन्स नांवाचा एक धिप्पाड गृहस्थ अ‍ॅलिसनला सांगतो, कीं देवानें तुला जशी घडविली आहे तशी तूं पुरेशी आहेस.

या चित्रपटावर प्रेक्षक आणि टीकाकार यांचें मुळींच जमलें नाहीं. बहुतेक टीकाकारांनीं त्याला झोडपून काढलें. त्यांतील कित्येकांचा आक्षेप असा, कीं स्त्रीचें स्थान घरांतच आहे ही जुनी शिकवण येथें हंसत हंसत पाजली आहे. उलट ज्या कुटुंबांसाठीं तो काढला होता त्यांना तो आवडला. सुमारें ५० लाख डॉलर खर्चून काढलेल्या चित्रपटाला तिकीटविक्रींतून १ कोटीच्या थोडें वर उत्पन्न झालें. या पंथांतील चित्रपटांच्या मानानें ही रक्कम कांहीं अचाट नव्हे. २००८ सालीं ‘फायरप्रूफ’ नांवाच्या अशाच एका चित्रपटानें ५ लाख डॉलरांच्या भांडवलावर ३ कोटींहून अधिक मिळविले होते.

चित्रपट चालू असतां माझा निर्णय होऊन चुकला होता. बर्गसाँचा सिद्धांत येथें जसाच्या तसा बसतो, असें मला वाटलें. भाविक प्रेक्षक आपल्या मंडळीला पडद्यावर पाहून सुखावतो, आणि त्या सुखालाच रसिकता समजतो. त्यांतून त्याची जी मोठी तारीफ, कीं चित्रपट ‘स्वच्छ’ आहे, शिवीगाळ नाहीं, अश्लीलता नाहीं, ती तर नुसत्या अभावाची तारीफ आहे. पाणी स्वच्छ आहे एवढ्यावरून त्याला कोणी सरबत म्हणत नाहीं.

परंतु या सिद्धांताच्या आड माझ्या शेजारींच बसलेल्या दोन व्यक्ती येऊं लागल्या. माझी पुतणी व माझी पत्नी या दोघी त्या चर्चच्या हद्दींतल्या नव्हेत. पुतणी कोणत्याच देवाला फारशी मानीत नाहीं. पत्नी चतुर्थी-एकादशी पाळते, पण येशूविषयीं तिला माहिती बेतास बात. असें असून मुलें आईच्या कौतुकासाठीं न्याहारी करायला जातात व स्वैंपाकघराची दुर्दशा करून ठेवतात, त्या प्रसंगीं त्या दोघी आणि शेजारीणबाई अशा एकाच सुरांत हंसल्या, कीं कोणाचा देव कोणता हें त्या हंसण्यावरून ओळखणें अशक्य होतें. मी तेवढा कोरड्या डोळ्यांनीं बसलों होतों. म्हणजे हद्द होती खरी, पण ती चर्चची नव्हती, स्वैंपाकघराची होती. आणि परगांवचा जो होता तो मी.

हद्द अशी ओलांडली जाते हें खरें म्हणजे आपल्या लोकांना नवें वाटूं नये. दादासाहेब फाळक्यांनीं १९१० च्या सुमारास मुंबईंत ख्रिस्तचरित्राचा एक मूकपट पाहिला, आणि पडद्यावर ख्रिस्त दिसत असतां त्यांच्या मनश्चक्षूंपुढें राम-कृष्ण उभे राहिले. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्रा’चें बीज तेथें आहे. परक्या मंडळींत बसून आपलें हृदय हलवून घेणारा प्रेक्षक असा असतो.

तथापि टीकाकारांचा मुख्य आक्षेप एवढ्यानें निकालांत निघत नाहीं, व माझ्या मनाला जो प्रश्न टोंचतो तो याच ठिकाणीं आहे. थकलेल्या स्त्रीला हंसवून, तिच्या पाठीवरून हात फिरवून पुन्हां त्याच कामाकडे धाडणें हें सत्कृत्य आहे काय? पहांटे जात्यावर बसून आमच्या आज्यापणज्यांनीं भाऊ, माहेर आणि विठ्ठल यांवर ओव्या रचल्या. त्या ओव्यांनीं दळण एका शेरानें कमी झालें नाहीं. तें कमी झालें पिठाच्या गिरणीनें. सुधारक म्हणेल, ओवीनें बाईला जात्याशीं बांधून ठेवलें. पण गिरणी यायच्या आधींच्या बाईला ओवीहि नाकारणें यांत मला तरी कोणतें शहाणपण दिसत नाहीं. सांत्वनानें अन्याय दूर होत नाहीं, पण अन्याय दूर होईपर्यंत माणसानें काय करावें, या प्रश्नाला सुधारकाजवळहि उत्तर नसतें.

मात्र एक भेद येथें डोळ्यांआड करतां येत नाहीं. ओवी रचणारी स्वतः दळीत होती. अ‍ॅलिसनचें सांत्वन करणारा बोन्स दळीत नाहीं. जो उपदेश तिच्याच एखाद्या मैत्रिणीच्या तोंडीं शोभला असता तो चित्रपटकारांनीं एका पुरुषाच्या तोंडीं घातला, आणि त्या उपदेशासरशीं तिची तक्रार विरघळली. मला तें उत्तर खोटें वाटत नाहीं, घाईचें वाटतें.

‘प्रभात’चा १९३६ सालचा ‘संत तुकाराम’ येथें आठवल्यावांचून राहत नाहीं. तोहि भाविकांसाठीं काढलेला, भाविकांनीं डोक्यावर घेतलेला चित्रपट. आणि त्यांतहि हास्य आहे तें एका कष्टी गृहिणीभोंवतीं. दामले-फत्तेलालांची जिजाई, म्हणजे गौरीबाईंनीं उभी केलेली ती बाई, पोर आजारी पडल्यावर हातांत पायताण घेऊन देवळांत शिरते आणि प्रत्यक्ष विठ्ठलावर तें उगारते. भाविक प्रेक्षक हंसतो, आणि हंसतां हंसतां तिचें म्हणणें खरें आहे हेंहि त्याला कळतें. शेवटीं तुकोबांना न्यायला वैकुंठाहून विमान येतें, तेव्हां जिजाई मुलाबाळांपाशीं घरींच राहते. तिची तक्रार कोणीहि मिटवीत नाहीं. ती तशीच चुलीपाशीं उरते. संतावर निस्सीम श्रद्धा असलेल्या दिग्दर्शकांनीं संताच्या बायकोला एवढा न्याय दिला, याचें मला प्रत्येक वेळीं नवल वाटतें. अर्विन बंधूंची श्रद्धा कांहीं यांच्याहून उणी नसेल, पण त्यांना आपल्या जिजाईच्या हातांतलें पायताण पाहवलें नाहीं.

हें सर्व मीं त्याच रात्रीं, शेजारीणबाई गेल्यावर, बर्गसाँपासून जिजाईपर्यंत पत्नीला व पुतणीला समजावून सांगितलें. पुतणी मुलाला थोपटीत ऐकत होती. पत्नीनें शेवटपर्यंत ऐकून घेतलें आणि म्हणाली, “अहो, तें सगळें खरें असेल. पण मध्यंतरीं तुम्ही चहा टाकायला सांगितलात ना, तेव्हां आम्ही तिघी आंत होतों. तेवढा भाग राहून गेला. त्यांत काय झालें तें सांगा.”

मीं तो प्रसंग शक्य तितक्या तपशिलानें सांगितला. पण माझ्या सांगण्यानें त्या दोघींपैकीं कोणालाहि हंसूं आलें नाहीं.